कसणाऱ्याला डोंगर द्या, पण डोंगर विकायची वाट बंद करा

भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२१च्या अहवालात गोव्याचे वनाच्छादन २,२४४ चौरस किलोमीटर दाखवले आहे. राज्याचे एकूण क्षेत्र ३,७०२ चौरस किलोमीटर, म्हणजे साठ टक्क्यांहून अधिक गोवा झाडांखाली. मंत्र्यांच्या भाषणांत हा आकडा अभिमानाने येतो आणि तो खोटाही नाही. पण तो मोजतात कसा, हे कोणी सांगत नाही. उपग्रहाच्या चित्रात एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या तुकड्यावर झाडांच्या माथ्यांचे आच्छादन दहा टक्क्यांपेक्षा जास्त दिसले, की तो तुकडा वनाच्छादनात धरला जातो. जमीन कोणाची, झाड कुठले, ते लावलेले की आपसूक उगवलेले, हे पाहिले जात नाही. काजूचे मळे त्यात येतात, माडांची भाटे, म्हणजे बागा, येतात, रबर येतो आणि खाणीच्या मातीच्या ढिगांवर लावलेली ऑस्ट्रेलियन अकेशियासुद्धा येते. सरकारच्या स्वतःच्या दप्तरी वन म्हणून नोंद असलेली जमीन यापेक्षा खूपच कमी, सुमारे १,२२५ चौरस किलोमीटर आहे.

याचा अर्थ असा की सत्तरी किंवा सांगे या डोंगराळ तालुक्यांतल्या एखाद्या डोंगरावरची किंदळ, माट्टी, कुंभा, जांभूळ, भेरलीमाड ही सगळी झाडे तोडली, उतार भाजून काढला आणि त्यावर काजू लावले, तर काही वर्षांत तो डोंगर पुन्हा 'वन' होतो. आकड्यात काहीच घडलेले नसते. डोंगराखालच्या वाड्यावर मात्र बरेच काही घडलेले असते. शिमग्यापर्यंत वाहणारा झरा माघातच आटतो, गवे आणि माकडे बागेत उतरतात आणि पावसाळ्यात ओढ्याला तांबडी माती येते.

जगभरातील उष्ण कटिबंधातल्या जंगलांचा हिशेब पाहिला तर तोडीचे मुख्य कारण शेतीच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या अंदाजानुसार १९९० ते २०२० या तीस वर्षांत जगातले सुमारे ४२ कोटी हेक्टर जंगल इतर वापरासाठी गेले. ब्राझीलमध्ये गुरांची कुरणे आणि सोयाबीन, इंडोनेशियात तेलताड, पश्चिम आफ्रिकेत कोको. हे वाचून आपल्याकडचे काही निसर्गप्रेमी सरळ निष्कर्ष काढतात, की शेतकरी जंगलाचा शत्रू आहे आणि गोव्यातही त्याला डोंगरावरून खाली आणले की काम झाले. दुसऱ्या बाजूला गावागावांतले पुढारी सांगतात, की जंगलवाल्यांमुळे तुमच्या जमिनी तुमच्या नावावर होत नाहीत. या दोन्ही बोलण्यांमध्ये मधला माणूस, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या डोंगर कसणारा, चिरडला जातो आणि डोंगर हळूहळू तिसऱ्याच माणसाच्या, म्हणजे प्लॉट पाडून विकणाऱ्याच्या, हातात जातो. माझे म्हणणे त्या तिसऱ्या माणसाविषयी आहे.

गोव्यात जंगलाचे प्लॉट एका दिवसात होत नाहीत. आधी रान विरळ होते. मग तिथे काजू येतो, अननस किंवा केळी येते. मग कागदावर ती बागायत होते. मग कोणीतरी नगरनियोजन खात्यात अर्ज करतो आणि बागायतीची वसाहत होते. प्रत्येक पायरीवर विचारले तर उत्तर तयार असते: पहिल्या पायरीवर 'गरीब शेतकरी आहे', शेवटच्या पायरीवर 'इथे जंगल होतेच कुठे, ही तर बागायत होती'. साखळीच्या एका टोकाला धरून ही लढाई लढता येत नाही. दोन्ही टोके एकाच वेळी धरावी लागतील.

आधी शेतीकडे पाहू, कारण डोंगरावरची सगळी शेती एकसारखी नाही आणि आपले कायदे मात्र तिला एकसारखी समजतात.

कुळागर घ्या. पोफळी, त्यांच्या मधून माड, पोफळीवर चढलेली मिरवेल, खाली केळी, अननस, कडेला फणस आणि जायफळ. सत्तरी, फोंडा, सांगे, केपे, काणकोण इथल्या दऱ्यांमध्ये ही कुळागरे टिकली ती वरच्या रानामुळे. रान पाऊस मुरवते, तो झर होऊन खाली येतो, पाटाने तो बागेत फिरतो. पोफळीच्या बुडाशी घालायला पालापाचोळा रानातूनच येतो. वरचे रान गेले की कुळागर दोन-चार उन्हाळ्यांतच सुकायला लागते, हे प्रत्येक कुळागरवाल्याला माहीत असते. म्हणून जिथे कुळागर चांगले आहे, तिथे त्याच्या माथ्यावरचे रान बहुधा शाबूत सापडते. ते कोणा अधिकाऱ्याने राखलेले नसते.

कुमेरीची गोष्ट वेगळी. काणकोण, केपे, सांगे या भागात वेळीप, गावडे आणि कुणबी समाज डोंगराचा तुकडा तोडून, भाजून त्यावर नाचणी, वरी घेत. एक-दोन वर्षांनी तो तुकडा सोडून देत आणि रान परत यायला बरीच वर्षे देत. पोर्तुगिजांनी तिच्यावर निर्बंध घातले, मुक्तीनंतर ती बंदच झाली. मी कुमेरीचे गोडवे गाणार नाही. माणसे वाढली आणि मोकळा डोंगर आटला, तेव्हा विश्रांतीची वर्षे कमी होत गेली आणि उतार धुपू लागला, हे खरे आहे. पण कुमेरी बंद करताना त्या माणसांना दुसरे काय दिले? बऱ्याच ठिकाणी उत्तर एकच होते: काजू. फिरती शेती जाऊन त्याच उतारावर कायमची एकपिकी शेती आली. रानाला परत यायला मिळत होती ती वर्षेही गेली.

काजू हे गोव्याचे भाग्य आहे, हे मी मनापासून म्हणतो. पोर्तुगिजांनी तो सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणला आणि आज तो गोव्यातले सर्वांत मोठे पीक आहे. सुमारे ५५ हजार हेक्टर, म्हणजे राज्याच्या जवळजवळ सातव्या हिश्श्यावर काजू उभा आहे. फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मार्च-एप्रिलमध्ये बोंडू (काजूचे फळ), निरो (त्याचा रस), हुर्राक (पहिल्या धारेची दारू) यांच्यावर डोंगराळ तालुक्यांतल्या हजारो घरांचे वर्षाचे गणित चालते. बी विकून मुलांची फी भरली जाते, भाटीवर, म्हणजे दारू गाळायच्या भट्टीवर, गावातल्या माणसांना दोन-अडीच महिने काम मिळते. जो हे तुच्छ लेखतो त्याने डोंगराळ गोव्याविषयी बोलू नये.

पण काजूचे एक काम रानाच्या मुळावर येते. बोंडू पिकला की खाली पडतो आणि पडलेला बोंडू दिसायला जमीन साफ लागते. पूर्वी घरातली माणसे आणि शेजारी मिळून कोयत्याने झुडपे छाटत. आता मजूर मिळत नाही, मिळाला तर मजुरी बी विकून सुटत नाही. मग हंगामाच्या आधी, थंडी सरताना, पाला गोळा करून आग लावायची, हा सोपा मार्ग राहतो. वारा बरा असला तर आग बांधावर थांबते. वारा फिरला तर थांबत नाही. मार्च २०२३ मध्ये गोव्याने हे पाहिले. त्या महिन्यात म्हादई अभयारण्यासह सत्तरहून अधिक ठिकाणी आगी लागल्या. नौदल आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरे पाण्याच्या बादल्या घेऊन डोंगरांवर फिरली. त्या प्रत्येक आगीमागे काजूवालाच होता असे मी म्हणत नाही. त्या वर्षी उकाडा आणि कोरडेपणा भयंकर होता, आग लागण्याची इतर कारणेही असतात. परंतु ज्या डोंगरावर दरवर्षी पाला जाळला जातो, तिथे जमिनीलगतचे सगळे हळूहळू मरते. रोपटी मरतात, म्हणजे उद्याची झाडे मरतात. ओल धरणारा पातेरा जातो. वरची मोठी झाडे आणखी वीस-तीस वर्षे उभी राहतात आणि उपग्रहाला सगळे हिरवेच दिसते.

केळी आणि अननसाचे नुकसान त्याहून झटपट होते. गेल्या काही वर्षांत सत्तरीत बाहेरच्या लोकांना भाड्याने जमीन देऊन केळीचे मळे करण्याचे प्रमाण वाढले. मूळ मालकाला वर्षाला ठरलेली रक्कम मिळते, त्याला काही करावे लागत नाही. भाडेकऱ्याला दोन-तीन वर्षांत पैसे काढून पुढे जायचे असते. म्हणून यंत्राने उतार साफ होतो, उभ्या उतारावर चर काढले जातात, खते आणि औषधे ओतली जातात. पंचवीस-तीस अंशांच्या उतारावर, वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो अशा ठिकाणी, मोठ्या मुळांची झाडे काढून टाकली तर माती कशाला धरून राहील? २३ जुलै २०२१ला म्हादई आणि वाळवंटीला पूर आला, सत्तरी आणि डिचोलीत घरे पडली, डोंगरांच्या कडा ढासळल्या. पुराची कारणे अनेक होती, अतिवृष्टी त्यात पहिली. पण माती आधी सैल कोणी केली, हा प्रश्न त्या वर्षी फारसा कोणी विचारला नाही. पश्चिम घाटासाठी नेमलेल्या गाडगीळ समितीने २०११च्या अहवालात तीव्र उतारावरच्या शेतकऱ्यांना हंगामी पिकांकडून बहुवार्षिक पिकांकडे वळवायला प्रोत्साहन द्यावे, असे सुचवले होते. तो अहवाल शेतकऱ्यांना हाकलायला निघालाय असा प्रचार गावोगाव झाला. तो पूर्ण वाचणारे किती निघतील?

आता प्रश्न येतो, की डोंगर कसणारा असे का वागतो. झरा आटला तर त्याचाच आटतो, हे त्याला आपल्यापेक्षा चांगले कळते. मग तो रान का साफ करतो?

कारण जमीन त्याच्या नावावर नाही आणि ती आपली आहे हे दाखवण्याचा त्याच्याकडे एकच पुरावा आहे: साफ केलेला, लावलेला उतार. सत्तरीत मोकाशांच्या, म्हणजे जुन्या इनामदारांच्या, नावावर गावेच्या गावे आहेत. पोर्तुगीज सरकारने लागवडीसाठी अटी घालून दिलेल्या अल्वारा जमिनी आहेत, त्यांचा निकाल मुक्तीनंतर सहा दशके उलटली तरी पुरता लागलेला नाही. साळावली धरणासाठी कुर्डी गाव उठवला आणि लोकांना वाडे-वालकिणीच्या वसाहतींत नेले. त्यांनाही दिलेल्या जमिनीच्या कागदांसाठी वर्षानुवर्षे हेलपाटे घालावे लागले. एक-चौदाच्या, म्हणजे जमीन नोंदीच्या, उताऱ्यावर नाव सरकारचे किंवा भाटकाराचे (जमीनदाराचे), कष्ट मात्र कसणाऱ्याचे. असा माणूस रान राखून ठेवेल कसा? त्याने रान राखले तर उद्या अधिकारी येऊन म्हणेल, इथे तर तुझी वहिवाटच दिसत नाही.

वन हक्क कायदा २००६ मध्ये आला तो हाच अन्याय दूर करण्यासाठी. १३ डिसेंबर २००५ पूर्वी जंगलजमीन कसत असलेल्या अनुसूचित जमातींच्या कुटुंबांना चार हेक्टरपर्यंत हक्क मिळतो. इतर पारंपरिक वननिवासींना त्या आधीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा, वास सिद्ध करावा लागतो. गोव्यात वेळीप, गावडा आणि कुणबी यांना जमातींत धरले गेले तेच २००३ मध्ये. धनगर गवळी अजून बाहेर आहेत, म्हणजे त्यांच्यावर पंचाहत्तर वर्षांचा पुरावा शोधायची पाळी. गुरे घेऊन रानात फिरणाऱ्या माणसाकडे पंचाहत्तर वर्षांपूर्वीचा कागद कुठून असणार? गोव्यात दाव्यांची संख्या दहा हजारांच्या घरात आहे आणि त्यांतल्या फार मोठ्या भागाचा निकाल कायदा येऊन पंधरा-सोळा वर्षे झाली तरी लागला नव्हता. वन हक्क समित्या नेमल्या गेल्या, सर्वेक्षणे अडली, गणपूर्तीअभावी ग्रामसभा तहकूब झाल्या. या सगळ्याला मी शासकीय आळस म्हणणार नाही. दाव्यांचा निकाल लागला की डोंगर कोणाचा हे ठरते आणि ते ठरले की तो डोंगर दुसऱ्या कोणाला सहज देता येत नाही. निकाल न लागण्यात कोणाचा तरी फायदा आहे.

शेळ-मेळावलीत हे उघडे पडले. गुळेली पंचायतीच्या या भागात आयआयटीसाठी सुमारे दहा लाख चौरस मीटर जमीन निवडली गेली. सरकारच्या कागदावर ती सरकारी जमीन. गावकऱ्यांच्या लेखी आजोबा-पणजोबांपासून कसलेले काजूचे मळे, झऱ्यांचे उगम आणि देवांच्या जागा. जानेवारी २०२१ मध्ये पोलीस आले, सर्वेक्षण रोखायला गावातल्या बाया रस्त्यावर आडव्या झाल्या, लाठ्या आणि अश्रुधूर चालला. १५ जानेवारीला मुख्यमंत्र्यांनी प्रकल्प तिथून हलवण्याची घोषणा केली. त्या आंदोलनात काजूवाला आणि जंगलवाला एका बाजूला उभे होते. ज्यांना शेतकरी विरुद्ध जंगल असे चित्र रंगवायचे असते, त्यांनी मेळावलीचा विचार पुन्हा करावा. तिथल्या बायांना कोणी पर्यावरण शिकवले नव्हते. आपला डोंगर गेला तर आपले काय होईल, एवढे त्यांना स्वच्छ दिसत होते. पण लढा जिंकून त्यांना कागद मिळाला का? आयआयटी गेली, तेवढ्याने जमीन त्यांच्या नावावर झाली नाही.

व्याघ्र प्रकल्पाचा वादही याच खड्ड्यात अडकला आहे. म्हादई आणि नेत्रावळी ही अभयारण्ये १९९९ मध्ये, राज्यपाल जे. एफ. आर. जेकब यांच्या काळात, राष्ट्रपती राजवट असताना अधिसूचित झाली. तेव्हा केलेले ते काम गोव्यावर उपकार आहे, नाहीतर आज तिथे खाणी असत्या. पण अधिसूचनेनंतर आतल्या माणसांच्या हक्कांची निश्चिती वेळेत करायची असते, ती झाली नाही. जानेवारी २०२० मध्ये गोळावलीत वाघीण आणि तिचे बछडे, एकूण चार वाघ, विष देऊन मारले गेले. त्याआधी वाघाने गुरे मारली होती. चार वाघ मेले ही गोव्याच्या इतिहासातली फार मोठी शरमेची गोष्ट आहे, तिचे समर्थन मी कधीही करणार नाही. तरी एक प्रश्न उरतोच: ज्याची गाय वाघाने मारली, त्याला भरपाई वेळेत, घरपोच, दारात मिळाली असती तर? २४ जुलै २०२३ला उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने तीन महिन्यांत व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करा आणि वन हक्काचे दावे बारा महिन्यांत निकालात काढा, असे सांगितले. दोन्ही गोष्टी एकाच निकालात होत्या. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि गावागावांत फक्त पहिल्या अर्ध्या भागाची भीती घालण्यात आली. दुसऱ्या अर्ध्या भागाविषयी किती आमदार बोलले?

माझे मत आहे, की व्याघ्र प्रकल्प व्हावा. दक्षिण गोव्याला पाणी पाजणारी साळावली नेत्रावळीच्या रानातून भरते, म्हादईचे पाणी म्हादईच्या रानातून येते. कर्नाटकाशी पाण्यासाठी भांडताना आपण या खोऱ्याचे महत्त्व जगाला सांगतो, घरी मात्र त्याच खोऱ्याचे संरक्षण नको म्हणतो. पण दावे आधी किंवा किमान सोबत निकालात निघाले पाहिजेत. त्याविना केलेली कुठलीही अधिसूचना गावकऱ्याला नोटीस वाटेल.

आता साखळीचे दुसरे टोक. प्रादेशिक आराखडा २०२१ मध्ये बागायती, नैसर्गिक आच्छादन, विकासबंदीचे उतार हे भाग वेगळे दाखवले होते. गोंधळ होते, पण एक चौकट होती. २०२३ मध्ये नगरनियोजन कायद्यात कलम १७(२) आले, आराखड्यातल्या 'चुका' सुधारण्याच्या नावाखाली. एकेका भूखंडाचा वापर बदलला गेला, भातशेती आणि बागायतीच्या जागी वसाहत. मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने त्याखालचे नियम रद्द केले. पण त्याआधीच, २०२४ मध्ये, कलम ३९अ आले होते, ज्याखाली हरकतींना तीस दिवस देऊन भूखंडाचा झोन बदलता येतो. त्यालाही न्यायालयात आव्हान दिले गेले आहे. विचार करा: वन हक्काचा दावा करणाऱ्याला पंधरा वर्षे थांबावे लागते आणि बागायतीची वसाहत करू पाहणाऱ्याला तीस दिवसांच्या हरकतींनंतर मार्ग मोकळा होऊ शकतो. एकाच राज्यात, एकाच डोंगरावर. याला न्याय कसा म्हणायचा?

खासगी जंगलांचीही तीच गत झाली. सावंत आणि करापूरकर समित्यांपासून खासगी वन ओळखायचा निकष चालत आला: किमान पाच हेक्टर सलग, आच्छादनाची घनता ०.४, म्हणजे चाळीस टक्के, आणि पंचाहत्तर टक्के वन्य प्रजाती. ज्याच्याकडे साडेचार हेक्टर सुंदर रान आहे त्याला संरक्षण नाही. ज्याच्याकडे सहा हेक्टर आहे तो झाडे विरळ करून निकषाबाहेर जाऊ शकतो. रान राखणाऱ्याला कायद्याने बक्षीस मिळत नाही, नुकसानच होते.

मग करायचे काय? माझ्या मते उत्तराचा पाया कायद्यात आधीच आहे. वन हक्क कायद्याने मिळालेला हक्क वारसाने पुढे जातो, पण तो विकता येत नाही आणि दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. २००६च्या कायद्यातली ही तरतूद मला फार मोलाची वाटते. गोव्याने हेच तत्त्व अल्वारा आणि मोकाशे जमिनींना लावावे. कसणाऱ्याच्या नावावर जमीन करा, पूर्ण करा, मोफत करा, पण त्या जमिनीचा झोन कधीही बदलणार नाही ही अट घालूनच. २०२३ मध्ये राज्याने भातशेतीची जमीन बिगरशेतकऱ्याला विकायला कायद्याने बंदी केली. तो कायदा चांगला आहे, पण फक्त भातशेतीपुरता आहे. डोंगरउतारावरची बागायत, कुळागर आणि नैसर्गिक आच्छादन त्यात घ्यायला काय हरकत आहे?

हरकत आहे, आणि ती खरी आहे. सत्तरीतला एखादा तरुण मला विचारेल, किनाऱ्यावरच्या भाटकाराने जमीन विकून कोट्यवधी केले, माझ्यावरच ही बेडी का? मला याचे उत्तर टाळायचे नाही. बेडी फक्त त्याच्यावर असेल तर तो अन्याय आहे आणि मी त्याच्या बाजूने बोलेन. म्हणून ३९अ सर्वांसाठी गेले पाहिजे, शंभर हेक्टरवाल्यासाठी आधी. तीव्र उतारावर कोणालाही बंगला नको, मालक मोकाशी असो, दिल्लीची कंपनी असो की गावातला नवा हक्कदार. आणि विकायचा मार्ग बंद करताना जगायचा मार्ग मोठा करावा लागेल. आज काजूचे अनुदान लागवडीच्या क्षेत्रावर दिले जाते. म्हणजे जितका डोंगर साफ, तितके पैसे जास्त. ते उलटे करा. ज्या मळ्यात काजूसोबत कोकम, फणस, जांभूळ, किंदळ उभे आहेत, जमिनीवर पातेरा आहे आणि आग लावलेली नाही, त्याला जास्त द्या. पाला छाटायला ग्रास कटर आणि मजुरी पंचायतीमार्फत द्या, हंगामाच्या आधी, मार्चमध्ये आग लागल्यावर नव्हे. हेलिकॉप्टरच्या एका फेरीच्या खर्चात किती वाड्यांवर माणसे लावता येतील, याचा हिशेब कोणी मांडून पाहावा. ज्याच्या जमिनीत झऱ्याचा उगम आहे आणि त्याने तो राखला आहे, त्याला खालची वस्ती जे पाणी पिते त्याच्या पट्टीतून वाटा द्या. केळीसाठी उतार भाड्याने देणे कायद्याने बंद करा, कमीत कमी उगमाच्या भोवती आणि तीव्र उतारावर तरी.

काही संरक्षणवादी मित्र म्हणतील, अभयारण्यात एकदा कागद दिला की अतिक्रमण थांबणार नाही, प्रत्येक जण चार हेक्टर मागेल. कायद्यात २००५ची तारीख आहे आणि उपग्रहाची जुनी चित्रे आहेत, त्यावर खोटे दावे पकडता येतात. पकडलेच पाहिजेत. राजकीय वजनाने घुसवलेला दावा आणि वेळीपाच्या आजीचा दावा एका फायलीत बसवू नयेत. पण खोट्या दाव्यांच्या भीतीने खरे दावे पंधरा वर्षे दाबून ठेवले, तेव्हा अतिक्रमण कमी झाले का? मला तर ते वाढलेलेच दिसते, कारण अनिश्चिततेत प्रत्येकाला आपला पुरावा मोठा करून ठेवावासा वाटतो.

सत्तरीतल्या बांबरच्या निरंकाराच्या राईत, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानात, रानजायफळीची दलदल आहे, पाण्यातून वर आलेल्या गुडघ्यांसारख्या मुळांची झाडे. अशी दलदल पश्चिम घाटात फार थोड्या जागी उरली आहे. ती वन खात्याने लावली नाही. गावाने राखली, कारण ती देवाची होती आणि कारण पाणी तिच्यातून येत होते. सत्तरी, काणकोण, सांगे इथे अशा राया अजून आहेत. वन हक्क कायद्यात अशा सामूहिक जागांवर गावाचा सामूहिक हक्क मागता येतो, वैयक्तिक दाव्यांपेक्षा वेगळा. तो मागणारी गावे गोव्यात फार कमी आहेत.

तुमच्या पंचायतीत वन हक्क समिती आहे का, तिच्याकडे किती दावे पडून आहेत, त्यांतले सामूहिक किती, आणि ज्या उतारांसाठी झोनबदलाच्या सूचना निघाल्या आहेत त्यांत तुमच्या झऱ्यांचे उगम येतात का, हे चारही प्रश्न पुढच्या ग्रामसभेत लेखी मांडा आणि उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्या. झोनबदलाची सूचना निघाल्यावर तीस दिवसांत हरकत द्यावी लागते. तेवढ्यात वकील शोधणे शक्य नसते. पण उगमाचा नकाशा, उताराचा अंदाज आणि गावातल्या पाच-सहा वृद्धांच्या सह्यांचे निवेदन तयार असले तर हरकत एका रात्रीत लिहून होते.